नांगरटीवरून उतारा

तुमच्या ऑफिसात असा एक जण असतोच. जुलै-ऑगस्टमधला एखादा सोमवार. डोळे तांबारलेले, हातात मशीनची ती गोडमिट्ट कॉफी, आणि लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत त्याची कॉमेंटरी सुरू. ‘बॉस, यंदा आपली टीम डेंजर आहे. तो नवा लेफ्ट बॅक बघितलास का काल? प्रश्नच मिटला!’ तुम्ही मान डोलावता. वास्तविक काल लीगचा सामना नव्हता, कपचा नव्हता. काल होती प्री-सीझन फ्रेंडली. म्हणजे सुट्टीवरून परतलेल्या खेळाडूंचा घाम काढणारी मॅच, जिचा निकाल कुठल्याच टेबलात लिहिला जात नाही.

आमच्या फ्लोअरवर तो एक जण म्हणजे मी. आणि ही सवय मला इंग्लंडने नाही, बोरीने लावली.

बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. तिथे फुटबॉल? असं तोंड करू नका. मैदानावर कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट, हे खरं. पण माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला होता. तिथल्या होस्टेलच्या टीव्हीवर त्याला मँचेस्टर युनायटेड नावाचा आजार जडला. शिक्षण संपलं, दादा गावी आला, त्याने बियाणं-खताचं दुकान टाकलं आणि हळूहळू तो आजार शेजारच्या मोबाईलवाल्याला, एका मास्तरांना आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला लागला. मास्तर लिव्हरपूलवाले. कंपाउंडर आर्सेनलवाला, त्यामुळे कायम दुःखी.

नुकताच गावी जाऊन आलो. दादाच्या दुकानात बिलबुकांच्या ढिगाखाली एक जुनी दोनशे पानी वही सापडली. पहिल्या चार पानांवर उधारी. पाचव्या पानापासून मार्कशीट! प्रत्येक मॅचनंतर प्रत्येक खेळाडूला दहापैकी मार्क, पुढे एका ओळीचा शेरा, अगदी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा. वर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं: ‘प्री-सीझन २०१४’.

ते पान उघडलं आणि सकाळचा चहा गार झाला.

आठवतंय ना २०१४? आदल्या सीझनमध्ये युनायटेड सातव्या नंबरवर फेकली गेली होती. फर्ग्युसन निवृत्त झालेले, मोयेस यांना एप्रिलमध्ये नारळ मिळालेला. मग आले लुई व्हॅन गाल. हा माणूस त्याच उन्हाळ्यात हॉलंडला वर्ल्डकपमध्ये तिसरा नंबर मिळवून देऊन थेट कामावर रुजू झालेला. नवा साहेब आला की ऑफिसात जशी हवा पसरते, तशी जगभरच्या युनायटेडवाल्यांत पसरली होती. टीम अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली आणि पहिल्याच सामन्यात एलए गॅलक्सीला ७-० ने धुतलं.

सात-शून्य! दादाच्या वहीत त्या दिवशी शाई कमी पडली असावी. रूनी ९, दोन गोल. अ‍ॅशली यंग ८, दोन गोल. आणि खाली दोन वेळा अधोरेखित केलेलं नाव: रीस जेम्स ९. हा वीस वर्षांचा पोरगा डाव्या बाजूला खेळायला आला आणि त्यानेही दोन गोल ठोकले. शेरा: ‘लेफ्ट बॅकचा प्रश्न सुटला. पैसे वाया घालवले.’ पैसे कुणावर? तर ल्यूक शॉवर. जेमतेम एकोणीस वर्षांच्या या पोरासाठी क्लबने त्याच महिन्याभरापूर्वी सुमारे तीन कोटी पौंड मोजले होते आणि व्हॅन गालसाहेबांनी पत्रकारांसमोरच सांगून टाकलं होतं की हा काही फिट नाही. वहीत शॉला ३. शेरा: ‘पोट सुटलंय. परत पाठवा.’

त्याच्या खाली फेलायनी. मार्कच नाहीत. नुसतं ‘विका’.

आता मी यात कुठे होतो ते सांगतो. तेव्हा मी हिंजवडीत नवानवा टीम लीड झालो होतो. नवानवा म्हणजे आय-कार्ड गळ्यात घालून आरशात बघणारा. माझ्या हाताखाली दोन पोरं प्रोबेशनवर होती. दोघांचे फॉर्म ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी भरायचे होते. एक पुण्याचा, चटपटीत, क्लायंटच्या पहिल्याच डेमोत असा काही बोलला की समोरचा गोरा साहेब खूश. दुसरा आमच्याच भागातला, लहान गावातला. त्याच डेमोत त्याची पाळी आली आणि गडी गपगार. स्क्रीन शेअर केलेली, माउस एका जागी, आणि इंग्रजी घशात अडकलेलं. पंधरा सेकंद असतील. मला ती पंधरा मिनिटं वाटली, कारण कॉलवर माझे साहेबही होते.

खरं सांगायचं तर त्याच दिवशी मनातल्या मनात मार्क पडले होते. एकाला ९, दुसऱ्याला ३.

शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली, सकाळी परभणीला उतरलो, तिथून जिंतूरची एसटी. तो जून मराठवाड्यात कोरडाठाक गेला होता. पेरण्या जुलैत रखडत झाल्या होत्या. ज्यांनी पहिल्या शिडकाव्यावर घाई केली, त्यांचं बियाणं मातीतच गेलं आणि त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. त्यात आमच्या काकांचं दोन एकर सोयाबीनही होतं. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याने बियाण्याची बॅग दुसऱ्यांदा उधारीवर उचलली आहे त्यालाच कळतं. तुमच्या आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोजेक्टचे पैसे दोनदा भरायचे आणि डेडलाइन मात्र तीच.

दादाच्या दुकानाबाहेर दिवसभर हेच बोलणं. येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगत होता, ‘मामा, घाई करू नका. पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर पडू द्या, जमिनीत ओल खाली उतरू द्या. एका पावसानं भुलून जाऊ नका.’ परभणीच्या कृषी विद्यापीठापासून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यापर्यंत सगळे दर जूनमध्ये हेच सांगतात. दादा ते पोपटासारखं नाही, पोटतिडकीने सांगत होता, कारण आता वेळ गेली होती आणि पुढच्या वर्षी तरी लोकांनी ऐकावं असं त्याला वाटत होतं. त्यात काकांनी त्याचंही ऐकलं नव्हतं.

आणि त्याच रात्री, शनिवार उलटून रविवार लागताना, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही पाच जण माझ्या लॅपटॉपभोवती बसलो. युनायटेड विरुद्ध रिअल माद्रिद, अमेरिकेत मिशिगनला. आपल्याकडे रात्रीचा दीड. माझं डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं, कारण रेंज तिथेच. चित्र अडत अडत यायचं. एक पास निघायचा आणि तो पोचेपर्यंत मास्तरांची तंबाखू मळून व्हायची. पण त्या अडखळत्या चित्रातसुद्धा ती गर्दी दिसली. एक लाख नऊ हजार तीनशे अठरा माणसं! अमेरिकेत फुटबॉलच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. एवढी माणसं सराव बघायला!

यंगने दोन गोल केले. मध्ये बेलने पेनल्टीवर एक फेडला. शेवटी चिचारितोने तिसरा मारला. ३-१. गुडघ्याच्या दुखण्यातून नुकता उठलेला रोनाल्डो शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी आला आणि जरासा फिरून गेला. मोबाईलवाला ओरडला, ‘संपला रोनाल्डो!’ लक्षात ठेवा हे वाक्य. पुढच्या जानेवारीत त्याच रोनाल्डोने बॅलन डी’ऑर उचलला.

सकाळी एसटी स्टँडच्या हॉटेलात चहा-भज्यांवर निकालवाचन. हा खरा सोहळा. मॅच नव्वद मिनिटांची, पण मार्क वाटायला अडीच तास.

‘यंग नऊ,’ दादा म्हणाला. ‘विंगबॅक म्हणून जन्मलेला हाय तो.’

‘नऊ लईच होतात,’ मास्तर म्हणाले. ‘समोर माद्रिदची अर्धी पोरं कोण होती, नावं तरी सांगता येतील का?’

‘मास्तर, तुमचं लिव्हरपूल जिंकलं असतं तर दिले असते की दहा.’

‘तीन मागे, पाच मध्ये, दोन पुढे,’ कंपाउंडर भज्याची प्लेट पुढे ओढत म्हणाला. ‘ही सिस्टीमच भारी हाय. यंदा लीग तुमचीच. लिहून घ्या.’ आर्सेनलवाला असून असं बोलला, म्हणजे बघा.

दादाने खरोखर लिहून घेतलं. तारीख टाकून.

एवढ्यात काका आले. शेतावरून थेट, पायाला माती. बाकड्यावर बसले, चहा बशीत ओतला.

‘राती एवढा कालवा कशाचा होता रे?’

‘मॅच होती काका,’ मी म्हणालो. ‘मँचेस्टर जिंकलं. रिअल माद्रिदला हरवलं.’

‘मंग, कप भेटला का?’

‘नाही, म्हणजे... खरा सीझन अजून सुरूच व्हायचाय. पंधरा दिवस आहेत. ही नुसती तयारी.’

काकांनी बशी खाली ठेवली. ‘म्हणजे नांगरटच चालू हाय म्हणायचं.’

‘हो. तसंच.’

‘मंग नांगरट बघून उतारा कामून सांगायलात रे?’

सगळे हसले. दादाही हसला, पण जरा उशिरा. दिवसभर शंभर मिलिमीटरचं ज्ञान वाटणारा माणूस रात्री दोन गोलांवर पेरणी करून मोकळा झाला होता! आणि ते दाखवून कोण देतंय, तर ज्याने स्वतः घाईत पेरलं ते काका. ज्याचं जळतं त्याला कळतं. काकांनी चहा संपवला, पैसे ठेवले आणि निघून गेले. त्यांना दुसऱ्यांदा पेरलेलं वावर बघायला जायचं होतं.

आता पुढचं ऐका. युनायटेडने तो इंटरनॅशनल चॅम्पियन्स कप जिंकला, फायनलला मास्तरांच्या लिव्हरपूलला ३-१ हरवून. त्यात शेवटचा गोल जेसी लिंगार्ड नावाच्या पोराचा. वहीत लिंगार्ड ८. मग ओल्ड ट्रॅफर्डला व्हॅलेन्सियाविरुद्धची शेवटची फ्रेंडलीही जिंकली, आणि विजयी गोल कुणाचा? ‘विका’वाल्या फेलायनीचा! त्याला मात्र वहीत शेरा: ‘नशीब.’

१६ ऑगस्ट. लीगचा पहिला सामना, घरच्या मैदानावर, स्वानसीविरुद्ध. तीच सिस्टीम, तोच विंगबॅक यंग. निकाल: १-२. पराभव! घरच्या मैदानावरचा सलामीचा सामना युनायटेड १९७२ नंतर पहिल्यांदाच हरली. लिंगार्ड अर्ध्या तासाच्या आत गुडघा धरून बाहेर, आणि व्हॅन गालसाहेबांना हाफ टाइमला ती ‘भारी’ सिस्टीम मोडून मागे चार जण उभे करावे लागले. दहा दिवसांनी लीग कपमध्ये मिल्टन कीन्स डॉन्सने, म्हणजे तिसऱ्या दर्जाच्या टीमने, ४-० ने झोडपलं. त्या सामन्यात रीस जेम्स खेळत होता. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला चिचारितो लोनवर गेला. कुठे? रिअल माद्रिदला. महिन्यापूर्वी ज्यांच्यावर गोल मारला, त्यांच्याच घरी!

दादाची वही तिथे थांबली आहे. डॉन्सच्या सामन्याचं पान कोरं आहे. फक्त वर तारीख.

आणि माझा फॉर्म? तो मी ४ ऑगस्टच्या सोमवारी भरून टाकला होता. काकांचं वाक्य ऐकलं होतं, हसलोही होतो. पण हसणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. चटपटीत पोराला मी कन्फर्म केलं. गपगार झालेल्या पोरापुढे लिहिलं, ‘क्लायंटसमोर आत्मविश्वास नाही.’ सहा महिन्यांपैकी मला आठवत होता फक्त एक डेमो, त्यातली फक्त पंधरा सेकंदं. त्याने रात्रीच्या सपोर्टला बसून किती वेळा कुणाचं काय निस्तरलं, याचा हिशेब मेलमध्ये पडून होता. तो मी उघडला नाही. महिनाअखेरीला पोरगा गेला. जाताना डेस्कवर आला, ‘थँक यू सर’ म्हणाला. ते ‘सर’ मला अजून टोचतं.

चटपटीत पोरगा? चांगला होता की. फक्त पहिल्या रिलीजच्या रात्री सिस्टीम बसली, तेव्हा त्याचा फोन बंद होता. पुढच्या वर्षी जास्त पैशांवर दुसरीकडे गेला. त्यातही त्याची चूक नाही. मी त्याला फ्रेंडलीत बघून नऊ मार्क दिले होते, ती माझी चूक.

वही पुढ्यात ठेवून दादा आणि मी त्या दिवशी दुकानात बसून सगळे निकाल तपासले. बारा वर्षांपूर्वीच्या पेपरला आत्ता मॉडेल आन्सर मिळाल्यासारखं.

रीस जेम्स, ९ मार्क. युनायटेडसाठी लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढच्या वर्षी विगनला गेला आणि खालच्या डिव्हिजनमध्ये नेटाने करिअर केलं. (चेल्सीचा रीस जेम्स वेगळा. मोबाईलवाला अजून घोळ घालतो.) पोरगा वाईट नव्हताच. आपण त्याच्यावर ओझं घातलं.

लिंगार्ड, ८ मार्क. त्या दुखापतीने त्याचे महिने खाल्ले. पण २०१६ मध्ये एफए कपच्या फायनलला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल त्यानेच मारला. म्हणजे मार्क बरोबर, पण निकाल पावणेदोन वर्षं लेट.

यंग, ९ मार्क. मास्तर म्हणाले होते लईच होतात. पहिल्या महिन्यात मास्तर बरोबर होते. पण एप्रिल २०१५ मध्ये सिटीला ४-२ हरवलं, तेव्हा पहिला गोल यंगचा, दुसरा फेलायनीचा. हो, तोच फेलायनी. यंग पुढे युनायटेडचा कॅप्टन झाला आणि मग इंटरकडून इटलीची लीगही जिंकला.

आणि शॉ, ३ मार्क, ‘परत पाठवा’. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये आइंडहोव्हनला त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. सगळे म्हणाले संपला. तो परत उभा राहिला. २०१८-१९ ला क्लबचा प्लेअर ऑफ द इयर झाला. २०२१ च्या युरो फायनलला वेम्बलीवर इटलीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल मारणारा इंग्लंडचा खेळाडू कोण? ल्यूक शॉ. दादाने वहीतल्या त्या ३ वर बोट ठेवलं आणि काहीच बोलला नाही.

तुम्ही म्हणाल, मग फ्रेंडली बघूच नये का? दादाही तेच म्हणाला, आणि त्याच्याकडे हुकमाचा एक्का होता. ‘मंग २००३ चं काय?’

बरोबर आहे. ६ ऑगस्ट २००३. लिस्बनला स्पोर्टिंगच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन, पाहुणे युनायटेड. अठरा वर्षांच्या एका काटकुळ्या पोराने युनायटेडच्या बचावाला असं नाचवलं की सामना ३-१ ने स्पोर्टिंगचा झाला आणि युनायटेडचेच खेळाडू फर्ग्युसनना म्हणू लागले, याला घ्याच. आठवडाभरात सही झाली. पोराचं नाव क्रिस्तियानो रोनाल्डो. एका फ्रेंडलीने इतिहास घडवला!

पण ती गोष्ट नीट वाचा. क्लबची नजर त्याच्यावर आधीपासून होती. माणसं पाठवून त्याला बघितलेलं होतं, बोलणी चालू होती. त्या रात्रीने फक्त शिक्का मारला. म्हणजे ओल आधीच खाली उतरलेली होती, त्यावर पाऊस पडला. आपण उलटं करतो. कोरड्या रानावर एक सर आली की पेरून मोकळे.

तेव्हापासून दादाची बघण्याची रीत बदलली आहे, आणि ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. गोल मोजायचेच नाहीत. फ्रेंडलीत दहा-दहा खेळाडू बदलतात, समोरच्यांचे पाय सुट्टीतून आलेले असतात, काहींच्या सरावाला महिना झालेला असतो आणि काहींना चार दिवस. तो स्कोअर कशाचाच नसतो. बघायचं ते हे: कोचने कुणाला कुठल्या जागी उभं केलंय. शेवटच्या फ्रेंडलीत पहिल्या हाफला कोण खेळतंय, कारण साधारण तीच टीम सीझनला उतरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंडू गेल्यावर खेळाडू काय करतो. हात उडवून उभा राहतो की मागे पळतो? चेंडू पायात असताना सगळेच छान दिसतात. गमावल्यानंतरची पाच सेकंदं सुट्टीच्या मूडमध्येही लपत नाहीत.

मी ऐकत होतो आणि मला ते डेस्क आठवत होतं. डेमोत गपगार झालेल्या त्या पोराने दुसऱ्या दिवशी काय केलं होतं माहितीये? सकाळी आठला येऊन मीटिंग रूममध्ये एकटाच तोच डेमो भिंतीला देत बसला होता. मी काचेतून बघितलं होतं. बघून पुढे गेलो होतो.

२०१४ च्याच ऑक्टोबरमध्ये आयएसएल सुरू झाली आणि दादाला घरची टीम मिळाली, एफसी पुणे सिटी. ट्रेझेगे आला होता, वर्ल्डकप जिंकलेला माणूस. दादा बालेवाडीला येऊन एक सामना बघून गेला. निघताना मी विचारलं, ‘ट्रेझेगेला किती?’ म्हणाला, ‘दिवाळी होऊ दे.’ तो क्लब २०१९ मध्ये बंद पडला, पण दादाची नवी सवय टिकली. आता त्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने असतात. एकावर लिहिलेलं असतं ‘आत्ता’. दुसऱ्यावर ‘दिवाळीला’. पहिला रकाना पेन्सिलने भरतो. दुसरा शाईने.

काका आता थकलेत. पण दुकानात येऊन बसतात. आम्ही वही चाळत होतो तेव्हा म्हणाले, ‘कोण जिंकलं रे?’

‘जुनं आहे काका. २०१४ चं.’

‘त्या साली आपलं सोयाबीन कुठं झालं,’ ते म्हणाले. त्यांना उतारा तोंडपाठ होता. एकरी किती पोती, ते सांगितलं. आकडा इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखा नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे माझ्या मेलबॉक्समध्ये परवापासून एक फॉर्म पडलाय. पुन्हा एक मुलगी प्रोबेशनवर आहे. पुन्हा एक डेमो झालाय, आणि खरं सांगू? बरा नव्हता झाला. फॉर्ममध्ये रकाना एकच आहे. दुसरा रकाना एचआरने ठेवलेलाच नाही.

काल रात्री बसून तिची सहा महिन्यांची मेल्स वाचली. सगळी. शेवटची वाचून झाली तेव्हा दीड वाजला होता, रिअल माद्रिदच्या मॅचची वेळ. फॉर्म अजून भरलेला नाही. पण पेन्सिल टाकून पेन शोधायला घेतलाय.